डायमेथोएट पडतं, क्लोरपायरिफॉस टिकतं: जीसीच्या इंजेक्टरचा वारंवार येणारा बिघाड कसा शोधायचा

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड हा संत्र्याचा पट्टा आणि तिकडे यवतमाळचा कापसाचा मुलूख. कीटकनाशकांचे अंश तपासायला इथे जिथे जिथे गॅस क्रोमॅटोग्राफ (जीसी, म्हणजे नमुन्याची वाफ करून त्यातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) बसवला आहे, तिथली तक्रार बहुतेक एकच असते. आठवड्याच्या सुरुवातीला स्टँडर्ड, म्हणजे ठाऊक प्रमाणातलं औषध, मारलं तर सगळं व्यवस्थित. आठवडा संपता संपता डायमेथोएट या कीटकनाशकाचा पीक, म्हणजे आलेखावरचा उंचवटा, निम्म्यावर. लायनर (आतली काचेची नळी) बदलला की काही नमुने बरे जातात, मग पुन्हा तेच. फोनवर आवाज येतो, "सर, पीक लहान लहानच होऊन राहिला, कॉलम गेला वाट्टे."

कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी लांब बारीक नळी, सहसा गेलेला नसतो आणि शेवटी मोजणारा डिटेक्टरही नाही. बिघाड असतो तो नमुना जिथून आत शिरतो तिथे, म्हणजे इंजेक्टरमध्ये. नागपूर-पुण्याहून सर्व्हिस इंजिनिअर येईपर्यंत नमुने डीप फ्रीझरमध्ये पडून राहतात, आणि तो आल्यावर जे करतो त्यातलं बरंचसं आपल्याच हाताने होण्यासारखं असतं. मात्र पाना हातात घेण्याआधी क्रोमॅटोग्राम, म्हणजे हा पीकचा आलेख, नीट वाचावा लागतो. कोणते पीक बिघडले आणि कोणते शाबूत राहिले, यातच निम्मं उत्तर असतं. सगळे एकसारखे घसरले, फक्त नाजूक औषधांचे घसरले, फक्त शेवटचे घसरले, की नको असलेले जास्तीचे आले? या चारही गोष्टींची कारणं वेगवेगळ्या जागी असतात. ते न बघता सेप्टम (सुई जिच्यातून टोचतात ती रबरी चकती), लायनर, सिरिंज, फेरूल (कॉलमच्या जोडातलं कडं) सगळं एकदम बदललं तर मशीन सुरू होईल, पण दोष कशात होता ते कळणार नाही आणि तोच दोष पुढच्या महिन्यात परत येईल. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तेच स्टँडर्ड पुन्हा मारून बघा.

सगळेच पीक सारख्या प्रमाणात लहान

इथे अंतर्गत मानक फार उपयोगी पडतं. ट्रायफिनाइल फॉस्फेट म्हणजे टीपीपी प्रत्येक व्हायलमध्ये सारखंच घातलेलं असतं. डायमेथोएट, क्लोरपायरिफॉस, सायपरमेथ्रिन आणि टीपीपी हे सगळे एकाच प्रमाणात पडले, तर औषधांचं विघटन होत नाहीये. मुळात आत जाणारा नमुनाच कमी आहे किंवा आत गेलेला बाहेर निसटतोय. आधी सिरिंज बघा. दांडा अडखळतो का, सुई किंचित वाकली आहे का, नमुना ओढताना हवेचा बुडबुडा राहतो का. संत्र्याच्या सालीतलं मेण सुईत थिजलं की दांडा जड होतो. सिरिंज काढून आधी ॲसिटोनने, मग हेक्झेनने धुवा, बारीक भिंगाखाली सुईचं टोक बघा. टोकाला बारीकसा आकडा झाला असेल तर ती सिरिंज बाजूला ठेवा. तो आकडा प्रत्येक इंजेक्शनला सेप्टमचा एकेक कण खरवडून आत नेतो.

सिरिंज ठीक असेल तर गळती शोधा. गळतीची खूण अशी की पीक लहान होतातच, शिवाय ते येण्याच्या वेळाही हलतात आणि लागोपाठच्या दोन इंजेक्शनांत मेळ बसत नाही. मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचं वस्तुमान मोजणारा डिटेक्टर) असेल तर २८ आणि ३२ ही वस्तुमानं बघा. दोन्ही वाढलेली आणि त्यांचं प्रमाण साधारण ४ ला १ असेल तर ती बाहेरची हवा आहे. गळतीच्या नेहमीच्या जागा तीन: सेप्टमचा नट, लायनरची ओ-रिंग आणि कॉलमचा फेरूल. व्हेस्पेल-ग्रॅफाइटचा फेरूल नवा बसवल्यावर ओव्हन गरम-थंड झालं की आकसतो, म्हणून थोड्या वेळाने तो पुन्हा किंचित आवळावाच लागतो. हे राहून जातं आणि मग कॉलमला दोष लागतो. शुद्ध ग्रॅफाइटच्या फेरूलला हा त्रास नाही, पण तो जास्त आवळला की चुरा होऊन आत पडतो.

साबणाचं पाणी इंजेक्टरला लावू नका. ते गळतीतून आत ओढलं जातं आणि मग कित्येक दिवस त्याचे पीक दिसत राहतात. गळती शोधायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र नसेल तर दाब टिकतो का ते बघता येतं. ओव्हन आणि इंजेक्टर थंड करा, कॉलम काढून तिथे बंद नट लावा, स्प्लिट व्हेंट (नमुन्याचा जादा भाग बाहेर सोडायची वाट) आणि सेप्टम पर्ज (सेप्टमखालून वाहणाऱ्या गॅसची वाट) या दोन्ही वाटा टोपीने बंद करा, दाब चढवा आणि पुरवठा तोडून बघत राहा. दाब जागेवर राहिला तर इंजेक्टर घट्ट आहे आणि शोध कॉलमच्या जोडाकडे न्यायचा. उतरत गेला तर वरून खाली एकेक जोड तपासायचा.

उन्हाळ्यात याच्या बरोबर उलटं चित्र दिसतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, दुपारी लाईन गेली, एसी बंद पडला आणि व्हायलचा ट्रे तापला. एकदा टोचलेल्या झाकणातून इथाइल ॲसिटेट हळूहळू उडतं आणि बॅचच्या शेवटच्या नमुन्यात सगळे पीक वाढलेले दिसतात. टीपीपीही त्याच प्रमाणात वाढलेलं असेल तर गुणोत्तर शाबूत राहतं आणि निकाल वाचतो. टीपीपी घातलंच नसेल तर तो निकाल देऊ नये. दर बॅचला नवी झाकणं लावा, आणि ट्रे थंड ठेवायची सोय नसेल तर उन्हाळ्यात बॅच लहान ठेवून पहाटे किंवा रात्री चालवा. त्याच दिवसांत ओव्हन सुरुवातीच्या ५० अंशांवर यायला नको तितका वेळ घेतं. तो मशीनचा दोष नाही. खोलीची हवाच ४०-४२ अंश असेल तर ओव्हन तरी कुठे थंड होणार. ओव्हनची मागची गरम हवा भिंतीवर आपटून खोलीत परत फिरत नाही ना, एवढं बघा.

फक्त नाजूक औषधं पडतात

या लेखाचं खरं कारण हा भाग आहे, कारण वारंवार येणारा त्रास बहुतेक वेळा हाच असतो आणि तोच सर्वांत उशिरा ओळखला जातो. क्लोरपायरिफॉस जागच्या जागी, टीपीपी जागच्या जागी. पण डायमेथोएट, ॲसिफेट, मेथामिडोफॉस यांचे पीक खुजे आणि मागे शेपटी ओढणारे. कॅप्टान नाहीसं होऊन त्याच्या जागी टेट्राहायड्रोथॅलिमाइड दिसतं. डायकोफॉलचं डायक्लोरोबेन्झोफिनोन होतं. हे सगळं लायनरमध्ये घडतं.

लायनर म्हणजे काचेची नळी, आत ग्लास वूलचा बोळा, तापमान २५० अंशांच्या आसपास. उघड्या काचेच्या पृष्ठभागावर सिलेनॉलचे गट असतात. ध्रुवीय औषधं त्यांना चिकटतात, काही तिथेच तुटतात. म्हणून लायनरवर निष्क्रिय थर दिलेला असतो. संत्र्याचा अर्क एकामागून एक आत गेला की मेण, रंगद्रव्यं आणि साखरेचे अवशेष तिथे करपून बसतात, थर झिजतो आणि नवी चिकट जागा तयार होते. लायनर बाहेर काढून उजेडात धरा. ग्लास वूलच्या वरच्या टोकाला तपकिरी कडं, त्यात सेप्टमचे लाल किंवा हिरवे बारीक कण आणि खालच्या निमुळत्या भागात पिवळसर चकाकी दिसली तर आणखी पुरावा शोधायला नको.

मोजूनच बघायचं असेल तर डीडीटी आणि एंड्रिनची जुनी, खात्रीची चाचणी आहे. दोन्हींचं शुद्ध स्टँडर्ड मारायचं. डीडीटीचं विघटन झालं की डीडीई आणि डीडीडी दिसतात, एंड्रिनचं झालं की एंड्रिन अल्डिहाइड आणि एंड्रिन कीटोन. विघटनातून आलेल्या पिकांचं क्षेत्रफळ भागिले मूळ आणि विघटित मिळून एकूण क्षेत्रफळ, गुणिले १००. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या ऑर्गेनोक्लोरिन पद्धतीत ही मर्यादा दोन्हींसाठी १५ टक्के आहे. एंड्रिन जास्त तुटत असेल तर लायनरची काच उघडी पडली असण्याचा संशय घ्या. डीडीटी जास्त तुटत असेल तर करपलेली घाण किंवा धातूचा पृष्ठभाग बघा. आपण रोज डीडीटी तपासत नसलो तरी ही चाचणी करावी, कारण नमुना लावण्याआधीच ती इंजेक्टरची अवस्था सांगते.

लायनर धुऊन पुन्हा वापरायचा का, हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. नवा मागवला की यायला दिवस जातात आणि किंमतही काही कमी नसते. माझं मत स्पष्ट आहे. तेलातले फॅटी ॲसिड किंवा अल्कोहोल अशा मोठ्या प्रमाणातल्या घटकांचं स्प्लिट काम असेल, तर द्रावकात अल्ट्रासॉनिक बाथने धुतलेला लायनर चालतो. कीटकनाशकांच्या अंशासाठी तो चालत नाही. क्रोमिक ॲसिडने धुतलेला तर मुळीच नाही. तो लखलखीत दिसतो, पण निष्क्रिय थर पूर्ण निघून गेलेला असतो, म्हणजे मळलेल्या लायनरपेक्षा वाईट. ग्लास वूलही चिमट्याने तोडून हाताने भरू नका. तुटलेल्या प्रत्येक धाग्याचं टोक म्हणजे एक उघडी काच. वूल आधीच भरून निष्क्रिय केलेला लायनर घ्या आणि उघड्या बोटांनी धरू नका.

लायनर बदलूनही सुधारलं नाही तर त्याच्या खाली बघा. इंजेक्टरच्या तळाशी सोन्याचा मुलामा दिलेली चकती असते, तिच्यावर गोल डाग पडलेला असतो, ती बदला. मग कॉलमचं तोंड १०-२० सेंटिमीटर कापा. नट आणि फेरूल आधी कॉलममध्ये ओवा आणि मग कापा, म्हणजे आत शिरलेला ग्रॅफाइटचा चुरा कापलेल्या तुकड्याबरोबर निघून जातो. काप सरळ आला का ते भिंगाने बघा. तिरपा किंवा दातेरी काप पुन्हा शेपटी आणतो. कॉलम इंजेक्टरमध्ये किती वर जायला हवा, ते अंतर प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर शिकलेला हात इथे फसतो, म्हणून मोजपट्टी घेऊन आपल्याच मॅन्युअलप्रमाणे लावा.

एवढ्यावर काम संपत नाही. नव्या लायनरवर लगेच कॅलिब्रेशन लावलं तर आकडे डगमगतात. निव्वळ द्रावकातलं स्टँडर्ड लायनरच्या चिकट जागांवर थोडं अडकतं; संत्र्याच्या अर्कातलं तेवढंच स्टँडर्ड मोठा पीक देतं, कारण अर्कातले इतर घटक त्या जागा आधीच अडवून बसतात. म्हणून फवारणी न झालेल्या झाडाच्या संत्र्याचा स्वच्छ अर्क करून ठेवा, नव्या लायनरवर तो काही वेळा मारा आणि कॅलिब्रेशनचं स्टँडर्डही त्याच अर्कात बनवा. पीक स्थिर झाले की मगच बॅच.

हे एवढं तपशिलात लिहायचं कारण असं. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमात ज्या औषधासाठी त्या फळात वेगळी मर्यादा ठरलेली नाही, तिथे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागते. या पातळीवर पीक मुळातच लहान असतो. लायनरने तो निम्मा केला की अहवालावर 'आढळले नाही' असं छापलं जातं. उलट, एखाद्या जास्त फवारलेल्या बागेचा नमुना मारल्यावर सिरिंजमध्ये किंवा इंजेक्टरमध्ये काही उरलं, तर पुढच्या शेतकऱ्याच्या स्वच्छ मालात औषध सापडतं आणि त्याचा आंबिया बहाराचा सौदा मोडतो. त्या माणसाला लायनर ठाऊक नसतो. त्याच्या हातात फक्त आपला कागद जातो. म्हणून जास्त अंशाच्या नमुन्यानंतर निव्वळ द्रावक मारल्याशिवाय पुढचा नमुना लावू नका.

जास्तीचे, अनोळखी पीक

आधी काहीही न टोचता नुसता तापमान-कार्यक्रम चालवा. पीक तरीही आले तर ते सेप्टम, लायनर किंवा गॅसमधून येतात. नाही आले तर द्रावक मारा. आता आले तर दोष सिरिंज, द्रावक किंवा व्हायलच्या झाकणाचा. एवढ्या दोन धावांत अर्धा शोध संपतो.

सेप्टमचे पीक ओळखायला सोपे असतात. ते ठरावीक अंतराने, वेगवेगळे उभे राहतात. मास स्पेक्ट्रोमीटरवर ७३, २०७, २८१ ही वस्तुमानं दिसतात. कॉलम स्वतः झिजत असेल तर वस्तुमानं तीच दिसतील, पण पीक न येता बेसलाइन तापमानाबरोबर वर चढत जाईल. हा फरक लक्षात ठेवला तर एक महागडा कॉलम वाचतो. सकाळची पहिली धाव सर्वांत घाण आणि पुढच्या स्वच्छ होत जात असतील, तर रात्रभर थंड कॉलमच्या तोंडाशी काहीतरी जमत होतं. आधी सेप्टम बदला, मग सेप्टम पर्जचा प्रवाह मोजा. तो मिनिटाला ३ मिलिलिटरच्या आसपास हवा. तरीही राहिलं तर गॅसचे ओलावा आणि ऑक्सिजन शोषणारे फिल्टर बघा. नायट्रोजनचा सिलिंडर पार संपेपर्यंत ओढायची सवयही सोडा, तळाचा गॅस घाण आणतो.

सेप्टमचा नट ताकद लावून आवळू नका. आवळलेलं सेप्टम लवकर फाटतं, सुई वाकते आणि कण आत पडतात.

शेपूट लांबलेला द्रावकाचा पीक आणि बॅचमध्ये न जुळणारे आकडे

इथे आधी हिशोब करा. २५० अंशांवर आणि १० पीएसआय दाबाला १ मायक्रोलिटर हेक्झेनची साधारण १९५ मायक्रोलिटर वाफ होते, इथाइल ॲसिटेटची २६०, ॲसिटोनायट्राइलची जवळपास ४९० आणि पाण्याची १४०० च्या पुढे. ४ मिलिमीटर व्यासाच्या लायनरची पोकळी हजार मायक्रोलिटरच्या आतच असते आणि तिच्यात कॅरियर गॅसही (नमुना वाहून नेणारा) असतो. म्हणजे क्वेचर्स या अर्क काढायच्या पद्धतीचा ॲसिटोनायट्राइल अर्क २ मायक्रोलिटर टोचला की लायनर भरून वाफ वर गॅसच्या नळ्यांत शिरते, तिथे थंड होऊन बसते आणि पुढच्या धावेत उतरते. उपाय म्हणजे १ मायक्रोलिटर किंवा त्याहून कमी टोचा, टोचताना थोडा वेळ दाब वाढवा, किंवा शेवटच्या पायरीत द्रावक बदलून इथाइल ॲसिटेट घ्या.

पाण्याचा आकडा पुन्हा बघा. पावसाळ्यात आपल्याकडे मॅग्नेशियम सल्फेटचा डबा उघडा राहिला की त्याचे गोळे होतात आणि अर्कातलं पाणी पूर्ण शोषलं जात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये लायनर लवकर जातो, त्याचं एक कारण हे असतं. मॅग्नेशियम सल्फेट मफल फर्नेसमध्ये भाजून, डेसिकेटरमध्ये ठेवून वापरा. मेणासाठी अर्क रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून गाळा आणि स्वच्छतेच्या पायरीत सी-१८ (मेण धरून ठेवणारी पूड) घाला. लायनर जास्त दिवस टिकवायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

उरलेलं थोडक्यात

फक्त शेवटचे, जड औषधांचे पीक पडले तर इंजेक्टर खरंच ठरवलेल्या तापमानाला पोचतो का ते बघा. स्प्लिटलेसमध्ये (सुरुवातीला स्प्लिट वाट बंद ठेवून टोचायच्या पद्धतीत) पर्ज उघडायची वेळ फार लवकर, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्याही आत ठेवली असेल तर ती वाढवा. पुढचे पीक पसरट किंवा दुभंगलेले असतील तर ओव्हनची सुरुवात द्रावकाच्या उत्कलनबिंदूच्या १०-२० अंश खाली आहे का ते तपासा. इथाइल ॲसिटेट ७७ अंशांना उकळतं, म्हणजे सुरुवात ६० ला ठीक.

ठरवल्यापेक्षा दाब चढतच असेल किंवा स्प्लिटचा प्रवाह येत नसेल, तर स्प्लिट वाटेवरचा कोळशाचा फिल्टर तुंबला आहे. तो बदलूनही फरक पडला नाही तर व्हेंटची नळी जिथे बाहेर काढली आहे तिथपर्यंत चालत जा. खिडकीबाहेरच्या नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीने माती लिंपून घर केलेलं मी पाहिलं आहे. तोंडाला बारीक जाळी बांधली की पुढचा त्रास टळतो.

लाईन गेली आणि यूपीएसही संपला तर गॅसचा प्रवाह थांबतो आणि कॉलम गरमच राहतो. लाईन आली म्हणून लगेच तापमान चढवू नका. आधी गॅस सुरू करा, १०-१५ मिनिटं थंड ओव्हनमधून वाहू द्या, मग तापवा. ही सूचना ओव्हनच्या दारावर मोठ्या अक्षरांत चिकटवा, कारण रात्रपाळीला कोण असेल ते सांगता येत नाही.

कपाटात नेहमी असावं ते असं: सेप्टमचं पाकीट, वूल भरलेले निष्क्रिय लायनर किमान तीन-चार, ओ-रिंगा, सोन्याच्या दोन चकत्या, दोन्ही प्रकारचे फेरूल, एक जादा सिरिंज, कॉलम कापायची सिरॅमिक पट्टी, भिंग आणि कोळशाचा एक फिल्टर. शेवटचा लायनर मशीनमध्ये घातला त्याच दिवशी पुढची ऑर्डर द्या. लायनरच्या पाकिटावर बसवल्याची तारीख आणि त्यावर गेलेल्या नमुन्यांचा आकडा लिहीत जा. आपल्या अर्काला एक लायनर किती नमुने टिकतो तो आकडा त्यातूनच निघेल. तेवढे नमुने झाले की पीक पडायची वाट न बघता लायनर बदला.